गुणाढ्य : गोदाकाठचा अद्भुतकथाकार



कथालेखन हा आपल्या मराठीच्या तासाचा ठरलेला भाग. मुद्द्यांवरून गोष्ट, चित्रावरून गोष्ट, अपूर्ण गोष्ट पूर्ण करा, असे प्रकार आपण दरवर्षी घेतो. आता मुलांना त्यापुढचंही लिहावंसं वाटतं. रोबोट, उडती गाडी, दुसऱ्या ग्रहावरचा पाहुणा, बोलणारं झाड असे विषय ती स्वतःहून आणतात. अशा अद्भुत गोष्टी आणि विज्ञानकथा कशा लिहाव्यात हे सांगायचं म्हटलं की आपल्याला परदेशी पुस्तकं नाहीतर सिनेमे आठवतात. पण अद्भुत गोष्टींच्या जगातलं एक फार मोठं नाव आपल्या शेजारच्या पैठणशी जोडलेलं आहे. ते नाव म्हणजे गुणाढ्य, बृहत्कथा या ग्रंथाचा कर्ता.

आज त्याचं जीवन जरा सविस्तर पाहू. त्यातून मुलांच्या लेखनाला काय घेता येईल, तेही शेवटी पाहू.

आधी एक खुलासा. गुणाढ्याच्या जन्माचा किंवा मृत्यूचा सन कुठे नोंदलेला नाही. तो कोणत्या शतकातला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नेपाळकडच्या परंपरेत तर त्याचा जन्म मथुरेचा सांगतात. त्याचं जे चरित्र सगळीकडे सांगितलं जातं ते सोमदेव या काश्मिरी कवीने ११व्या शतकात लिहिलेल्या कथासरित्सागर या ग्रंथाच्या सुरुवातीला आलेलं आहे. म्हणजे हे चरित्र दंतकथेच्या रूपातलं आहे. मुलांना सांगताना इतिहास कुठे आणि दंतकथा कुठे हे वेगळं करून सांगावं. अद्भुत गोष्टी लिहिणाऱ्याचं चरित्रही अद्भुतच असावं, यात नवल ते काय!

काळ आणि परिसर

पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान. सातवाहन राजांची ही राजधानी. या घराण्याने साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत दख्खनवर राज्य केलं. त्यांचे नाणेघाट आणि नाशिक इथले शिलालेख प्राकृत भाषेत आहेत. गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातला कवितासंग्रह याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर आहे.

पैठणच्या खाली वाहत येणारी गोदावरी आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या दक्षिण कडेने पुढे जाते. आपल्याच जिल्ह्यातलं केळणा नदीकाठचं भोकरदन म्हणजे त्या काळचं भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचं ते मोठं गाव होतं. इथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे उल्लेख सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर कोरलेले सापडतात. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्यासारखीच मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेई शहरात मिळालेली आहे. जिथून माल इतका लांब जात होता, तिथून गोष्टीही जात असणारच. तांडे मुक्कामाला थांबले की रात्री शेकोटीपाशी दुसरं करायचं तरी काय? गुणाढ्याच्या कथांमध्ये व्यापारी, समुद्रप्रवास, फुटलेली जहाजं आणि लांबचे देश इतके का येतात, हे या मार्गाकडे पाहिलं की समजतं.

जन्म आणि शिक्षण

दंतकथेप्रमाणे ही गोष्ट कैलासावर सुरू होते. पार्वतीने शंकराकडे हट्ट धरला की कोणीच ऐकली नसेल अशी गोष्ट सांगा. शंकर विद्याधरांची गोष्ट सांगू लागले. बाहेर नंदी पहाऱ्यावर होता. तरी पुष्पदंत नावाच्या गणाने गुप्त रूपाने आत जाऊन ती चोरून ऐकली आणि घरी बायकोला सांगितली. बायकोने ती पार्वतीलाच सांगितली! पार्वती रागावली आणि तिने पुष्पदंताला माणसाचा जन्म घेण्याचा शाप दिला. माल्यवान नावाचा दुसरा गण मध्यस्थी करायला गेला, तर त्यालाही तोच शाप मिळाला. शापातून सुटायची अट मात्र ठरवून दिली. पुष्पदंताने ती गोष्ट विंध्याच्या अरण्यातल्या काणभूती नावाच्या पिशाचाला सांगायची, माल्यवानाने ती काणभूतीकडून ऐकायची आणि जगाला द्यायची. हा माल्यवान म्हणजेच पुढचा गुणाढ्य.

त्याचा जन्म प्रतिष्ठान प्रदेशात झाला. आई श्रुतार्था ही सोमशर्मा नावाच्या ब्राह्मणाची मुलगी, तर वडील कीर्तिसेन हे वासुकी नागाचे पुतणे, असं कथा सांगते. आई आणि दोन्ही मामा लवकर वारले. पोरका झालेला हा मुलगा लहान वयातच विद्येसाठी दक्षिणेकडे गेला. सगळ्या विद्या शिकून, नाव मिळवून, शिष्यांसह तो आपल्या नगरात परत आला.

नगरात ऐकलेली गोष्ट

परत आल्यावर गुणाढ्य नगरातून फिरला. कुठे जुगारी बसलेले, कुठे वेदपाठ चाललेला, कुठे व्यापारी आपापल्या हुशारीच्या बढाया मारत बसलेले. त्यातल्या एका व्यापाऱ्याने सांगितलेली हकीकत त्याने ऐकली, ती आपल्या मुलांना फार आवडते.

हा व्यापारी गरीब विधवेचा मुलगा. तो विशाखिल नावाच्या श्रीमंताकडे भांडवल मागायला गेला. विशाखिल त्या वेळी दुसऱ्या एका तरुणाला रागावत होता. जमिनीवर पडलेल्या मेलेल्या उंदराकडे बोट दाखवून तो म्हणत होता की हुशार माणूस एवढ्या भांडवलावरही पैसा मिळवील. या मुलाने तो उंदीरच उधार मागून घेतला. तो मांजरासाठी एका वाण्याला देऊन दोन ओंजळी हरभरे घेतले. ते दळून पीठ केलं, पाण्याचा घडा भरला आणि गावाबाहेर चौकात सावलीला बसला. दमून येणाऱ्या मोळीविक्यांना पीठ आणि गार पाणी दिलं. प्रत्येकाने खूश होऊन दोन-दोन लाकडं दिली. रोज असं करत त्याने लाकूड साठवलं. पुढे झडीच्या पावसात लाकूड मिळेना, तेव्हा ते चांगल्या भावाने विकलं. मग दुकान टाकलं आणि श्रीमंत झाला. शेवटी सोन्याचा उंदीर घडवून विशाखिलाचं कर्ज फेडलं. विशाखिलाने आपली मुलगी त्याला दिली.

पुढे सातवाहन राजाने गुणाढ्याला मंत्री केलं. मान, घर, शिष्य, सगळं मिळालं. इथपर्यंतचं आयुष्य सरळ होतं.

पाणी की मोदक?

वसंत ऋतू होता. राजा राण्यांसोबत बागेतल्या तळ्यात पाणी उडवत खेळत होता. एक राणी दमली. तिने संस्कृतात राजाला विनवलं की आता माझ्यावर पाणी उडवू नका. संस्कृतात मा म्हणजे नको आणि उदकैः म्हणजे पाण्याने. दोन शब्दांचा संधी झाला की मोदकैः असा उच्चार होतो. राजाला संधी कळला नाही. त्याने लगेच सेवकांना मोदक आणायला सांगितले! राणी हसली. एवढा साधा संधी कळत नाही, इथे पाण्यात मोदकांचं काय काम, असं तिने ऐकवलं. बाकीचे लोकही हसले.

राजाला ते फार लागलं. तो महालात जाऊन पडला. खाणं नाही, कोणाशी बोलणं नाही. चारचौघांत हसं झालेलं मूल कसं होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पहिलीतलं पोर असो की प्रतिष्ठानचा राजा, त्या बाबतीत सगळे सारखेच.

पैज

गुणाढ्य आणि शर्ववर्मा हे दोन मंत्री राजाला भेटले. राजाने विचारलं की मनापासून शिकलो तर व्याकरण यायला किती काळ लागेल? गुणाढ्य म्हणाला की एरवी १२ वर्षं लागतात, पण मी ६ वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला की मी ६ महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याला राग आला. त्याने पैज लावली की हे ६ महिन्यांत जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही भाषा कायमच्या सोडीन. शर्ववर्माही मागे हटला नाही. जमलं नाही तर गुणाढ्याच्या वहाणा १२ वर्षं डोक्यावर वाहीन, असं तो बोलून गेला.

शर्ववर्माने कार्तिकेयाची आराधना केली आणि एक नवं, आटोपशीर व्याकरण मिळवलं. कातंत्र या नावाने ते आजही प्रसिद्ध आहे. राजा ६ महिन्यांत शिकला. राज्यात आनंदीआनंद झाला. आणि गुणाढ्य मुका झाला. बोलायला त्याच्याजवळ एकही भाषा उरली नाही.

शिक्षक म्हणून इथे थोडं थांबावंसं वाटतं. शर्ववर्माची पद्धत सोपी आणि शिकणाऱ्याच्या सोयीची होती, म्हणून ती जिंकली. गुणाढ्य मोठा विद्वान होता, पण शिकवण्याच्या बाबतीत इथे तो हरला. दंतकथा आपल्या नायकाचा हा उणेपणा झाकत नाही. मुलांना थोरांची चरित्रं सांगताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चौथी भाषा

दोन शिष्यांना घेऊन गुणाढ्य निघाला आणि विंध्याच्या अरण्यात पोचला. तिथे पिशाचं आपसात बोलत होती. तो दूर उभा राहून ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याला ती भाषा समजू लागली. हीच पैशाची. त्याने सोडलेल्या तिन्ही भाषांपेक्षा ही वेगळी होती, त्यामुळे ती बोलून शपथ मोडत नव्हती. ही भाषा खरोखर कोणाची बोली होती याविषयी अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. पण ती होती. १२व्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात तिचे नियम दिलेले आहेत. दरबारात मान नसलेली, रानातल्या लोकांची भाषा असा तिचा लौकिक होता.

त्याच भाषेत त्याने काणभूतीशी बोलणं केलं. पुष्पदंताने सांगितलेली मूळ गोष्ट काणभूतीने त्याला ऐकवली. मग गुणाढ्य लिहायला बसला. ७ वर्षं लिहीत होता. ७ लाख श्लोक झाले. अरण्यात शाई कुठली? त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिलं, असं कथा सांगते.

राजाचा नकार

ग्रंथ जगाला द्यायचा तर रसिक राजाकडेच पाठवावा, असं शिष्यांनी सुचवलं. गुणदेव आणि नंदिदेव ही त्या दोघांची नावं. ते पोथी घेऊन सातवाहनाकडे गेले. गुणाढ्य नगराबाहेरच्या बागेत थांबला.

राजाला आता विद्येचा अभिमान चढला होता. त्याने पाहिलं की ग्रंथ ७ लाखांचा, भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची. त्याने तो धुडकावून लावला. गोष्ट काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. एका संधीवरून हसं झालं म्हणून अन्नपाणी सोडणारा हाच राजा. स्वतः शुद्ध भाषा शिकल्यावर दुसऱ्याच्या भाषेला त्याने दारातूनच परत पाठवलं.

अग्निकुंड

गुणाढ्याने जवळच्या डोंगरावर एक निवांत जागा पाहिली आणि अग्निकुंड पेटवलं. एकेक पान घ्यायचं, मोठ्याने वाचायचं, आणि आगीत टाकायचं. शिष्य रडत पाहत होते. वाचन ऐकून रानातली हरणं, डुकरं, रेडे, पाखरं जमा झाली. सगळी चरणं सोडून गोल करून उभी राहिली आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकू लागली. ६ लाख श्लोक असे जळाले. शेवटचा १ लाखाचा भाग, राजपुत्र नरवाहनदत्ताची गोष्ट, शिष्यांना फार आवडत होती. तेवढी त्याने त्यांच्यासाठी ठेवली.

इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, सुक्या मांसामुळे. आचाऱ्यांना विचारलं तर त्यांनी पारध्यांकडे बोट दाखवलं. पारध्यांनी सांगितलं की डोंगरावर एक माणूस पानं वाचतो आणि जाळतो, जनावरं ऐकत उभी राहतात, चरतच नाहीत, मग अंगावर मांस कुठून येणार? राजा धावत गेला. जटा वाढलेल्या गुणाढ्याला त्याने ओळखलं. नमस्कार केला आणि ग्रंथ मागितला. गुणाढ्याने सांगितलं की ६ लाख गेले, १ लाख उरले, ते घ्या, माझे शिष्य अर्थ सांगतील. एवढं बोलून त्याने देह ठेवला आणि शापातून मुक्त होऊन आपल्या जागी परत गेला.

राजाने शिष्यांचा सन्मान केला. ग्रंथ कसा जन्मला हे सांगणारी प्रस्तावना त्याने त्याच भाषेत रचली, असं म्हणतात.

पुढे काय झालं?

मूळ पैशाची बृहत्कथा आज उपलब्ध नाही. पण तिची कीर्ती लांबवर गेली. बाणभट्ट आणि दंडी यांनी तिचा उल्लेख केला. कंबोडियातल्या जुन्या संस्कृत शिलालेखात गुणाढ्याचं नाव आहे. महाराष्ट्री प्राकृतातली वसुदेवहिंडी आणि तमिळमधली पेरुंकदै ही तिचीच लेकरं. संस्कृतात बुधस्वामी, क्षेमेंद्र आणि सोमदेव यांनी तिची रूपांतरं केली. सोमदेवाने काश्मीरची राणी सूर्यवती हिच्यासाठी लिहिलेल्या कथासरित्सागरात २० हजारांहून जास्त श्लोक आहेत. टॉनी यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर १८८०च्या दशकात केलं.

आपण लहानपणी वाचलेल्या विक्रम-वेताळाच्या २५ गोष्टी याच कथासरित्सागरात आहेत. तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे, आणि तो राज्य करतो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात!

अद्भुत गोष्ट लिहिताना यातून काय घ्यावं?

१) अद्भुताला नियम हवा. मुलांच्या गोष्टीत जादूगार काहीही करू शकतो, म्हणून वाचणाऱ्याला पुढे काय होईल याची काळजी वाटत नाही. वेताळाच्या गोष्टीत नियम कडक आहे. राजा बोलला की वेताळ परत झाडावर. उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोकं फुटणार. एवढ्या दोन अटींवर २५ गोष्टी उभ्या राहिल्या. मुलांना आधी विचारावं की तुझी जादू काय करू शकत नाही?

२) सुरुवात साध्या वस्तूपासून करावी. मेलेला उंदीर, तळ्यातलं पाणी, न कळलेला एक संधी. गुणाढ्याचं सगळं आयुष्य एका शब्दाच्या घोळामुळे बदललं. पहिल्याच ओळीत जग नष्ट करायची गरज नसते.

३) यंत्रामागे माणूस हवा. कथासरित्सागरात लाकडी बाहुल्या आहेत. खुंटी दाबली की एक उडत जाऊन फुलांची माळ आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते, चौथी बोलते. त्याहून भारी आहे समुद्रकाठच्या नगराची गोष्ट. नगरात सगळे लोक फिरताहेत, पण आवाज नाही, कारण ते सगळे लाकडाचे आहेत. जिवंत माणूस एकच, राज्यधर नावाचा सुतार. त्याच्या भावाने लाकडी हंस बनवून राजाच्या खजिन्यातले दागिने चोरले. हंस पकडले गेले, तेव्हा दोघे भाऊ आपापल्या उडत्या यंत्रांत बसून पळाले. राज्यधर या ओसाड नगरात एकटा राहिला आणि सोबतीला कोणी असावं म्हणून त्याने लाकडी माणसं घडवली. आज रोबोटवर विज्ञानकथा लिहिणाऱ्या मुलाला हेच सांगायचं. रोबोट काय करतो ते एका वाक्यात सांग, पण तो कोणी बनवला, त्याला काय हवं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, ते नीट सांग.

४) शब्दाची किंमत मोजावी लागावी. गुणाढ्याने रागाच्या भरात पैज लावली आणि ती पाळली. म्हणून पुढची गोष्ट घडली. मुलांच्या गोष्टीत नायक संकटातून लगेच सुटतो. त्याला काहीतरी सोडावं लागू द्या.

५) गोष्ट कोण, कोणाला, का सांगतंय हे ठरवावं. गुणाढ्याच्या परंपरेत गोष्टीतला माणूसच दुसरी गोष्ट सांगायला लागतो. पण उगाच नाही. कोणाला वेळ काढायचा असतो, कोणाला समजूत घालायची असते, कोणाला जीव वाचवायचा असतो.

६) आपल्याजवळच्या भाषेत लिहावं. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं.

आपल्या वर्गातली पैशाची

आपल्या जिल्ह्यातल्या वर्गात एकाच बाकावर दोन-तीन भाषा बसलेल्या असतात. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. कोणाच्या घरी दखनी उर्दू असते. बाकीच्यांची मराठी मपलं-तुपलंवाली असते. मधल्या सुट्टीत हीच पोरं भुताच्या, विहिरीतल्या खजिन्याच्या, रात्री उसाच्या फडात दिसलेल्या उजेडाच्या गोष्टी अशा रंगवून सांगतात की ऐकणारा डबा खायचा विसरतो. तीच गोष्ट वहीत लिहायला सांगितली की एक होता राजा, तो फार चांगला होता, आणि संपलं. कल्पना आटलेली नसते. वहीत चालणारी भाषा वेगळी आहे आणि आपली चालणार नाही, एवढं त्याला पक्कं कळलेलं असतं.

प्रमाण मराठी शिकवायची नाही, असं मी म्हणत नाही. ती शिकवलीच पाहिजे. पुढच्या शिक्षणात आणि परीक्षेत मुलांना ती लागणारच आहे. राजानेही व्याकरण शिकलं यात चूक काही नव्हती. चूक झाली ती क्रमात. गोष्ट ऐकायच्या आधी त्याने भाषा तपासली. आपण पहिल्या वाचनाला लाल पेन घेऊन बसलो, तर पहिल्याच ओळीतल्या ऱ्हस्व-दीर्घावर अडकतो आणि तिसऱ्या ओळीतला खजिना आपल्याला दिसत नाही. मूलही मग पुढच्या वेळी खजिना काढत नाही. सोपी, चुका न होणारी चार वाक्यं लिहून मोकळं होतं. तो कागद कुठे जळताना दिसत नाही, पण एक गोष्ट गेलेली असते.

पालकांसाठीही एवढंच. मूल रात्री काहीतरी अचाट सांगायला लागलं की खोटं बोलू नको म्हणून गप्प करू नका. पुढे काय झालं, एवढं विचारा.

वर्गात करता येतील असे उपक्रम

- उंदराचं भांडवल : प्रत्येक गटाला एक क्षुल्लक वस्तू द्या. फुटकं बटण, पेनचं टोपण, चिंचोका. त्यातून सुरू होऊन पाच पायऱ्यांत मोठं काही घडेल अशी गोष्ट रचायला सांगा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीमुळे घडली पाहिजे.
- शब्दाचा घोळ : नाव, कर, वर, पार अशा दोन अर्थांच्या शब्दांवरून झालेला गैरसमज आणि त्यातून सुरू झालेली गोष्ट.
- माझं यंत्र : यंत्र काय करतं, काय करू शकत नाही, वापरणाऱ्याला काय द्यावं लागतं. तीन वाक्यं आधी, गोष्ट नंतर.
- आधी बोली, मग वही : गोष्ट आधी घरच्या बोलीत तोंडी सांगू द्या. मित्राने तशीच लिहून घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून प्रमाण मराठीत लिहावी. गोष्टीला गरज असेल तिथे, विशेषतः संवादात, बोली तशीच ठेवावी.
- ऐकणारं रान : मुलं गोल करून बसतील. एक जण वाचेल. संपेपर्यंत कोणी चूक काढायची नाही, शिक्षकांनीही नाही. मग प्रत्येकाने आवडलेली एकच जागा सांगायची.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

१. राजाने मोदक का मागवले?
२. पैज हरल्यावर गुणाढ्याने कोणत्या तीन भाषा सोडल्या?
३. राजाने ग्रंथ का नाकारला? तुम्ही राजा असता तर आधी काय केलं असतं?
४. रानातली जनावरं का वाळली?
५. जळालेल्या ६ लाख श्लोकांत एखादी गोष्ट तुमच्या गावाची होती, असं समजा. ती तुमच्या घरच्या भाषेत सांगा.

पाचवा प्रश्न वेळ देऊन घ्यावा. त्याचं उत्तर गाइडमध्ये मिळणार नाही, आणि प्रत्येक वहीत वेगळं येईल. त्या दिवशी वह्या तपासायला घेण्याआधी सगळ्या गोष्टी एकदा नुसत्या ऐकून घ्या.